इंदूची सखू

एका आजारी मुलीसाठी मी शहापूरहून मुरबाडला एसटीनं पेजेचा डबा घेऊन गेले, आणि ती मुलगी नव्हतीच. आजारी नव्हती असं नव्हे, जगातच नव्हती.

झालं असं. माझा मुलगा आणि सून नोकऱ्या सोडून मुरबाडजवळ शेत घेऊन राहिले आणि नातीला, ओवीला, घरीच शिकवू लागले. मी निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेविना शिक्षण हे मला थेर वाटे, आणि तसं मी येईल-जाईल त्याला सांगे. आसपासच्या शेतांवर अशीच आणखी दोन-तीन घरं होती. त्यांची सहावी-सातवीच्या वयाची मुलं आठवड्यातून दोनदा भाषा शिकायला इंदू नावाच्या शिक्षिकेकडे जात. एकदा ओवीचा रडवेला फोन आला, की सखूला खूप ताप आहे आणि त्यांच्या वस्तीत औषधच नाही. पुढचं मी ऐकलंच नाही. वर्गातली एक गरीब पोर तापानं फणफणतेय आणि हे शहाणे आईबाप भाजी लावत बसलेत, असं ठरवून मी मोकळी झाले. साठी उलटली होती, पण माझी घाई अजून परकरातच होती. सकाळी पेज, लिंबाचं लोणचं, तापाच्या गोळ्या आणि सुनेला सुनवायची चार वाक्यं एवढं सामान घेऊन मी इंदूच्या पडवीत उभी राहिले आणि दरडावून विचारलं, सखू कुठे आहे?

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग एक फिसकन हसला आणि सगळी लोळली. सखू होती इंदूच्या गोष्टीतली. कसाऱ्याच्या घाटात पहिल्यांदा रूळ पडत होते त्या काळची, आईबरोबर मातीच्या पाट्या वाहणारी मुलगी. इंदू दर आठवड्याला तिची एक कथा रचून आणी आणि त्यावरच मुलांचं वाचन, लेखन, व्याकरण सगळं चाले.

हसली नाही ती फक्त इंदू. तिनं डबा उघडला, वास घेतला आणि मुलांना म्हणाली, "बाईंनी सखूला पेज आणलीय. आता सांगा, सखूच्या पेजंत काय असंल?" झालं. तांदूळ की नाचणी, मीठ मिळत असेल का, मडकं कुठलं, लोणचं कोण देणार, यावर सकाळ गेली. गोळ्या तिनं माझ्या पिशवीत परत ठेवल्या; त्या सखूच्या काळात नव्हत्या. पेज मुलांनी पिऊन टाकली. निघताना मला म्हणाली, "येत जा, बाई. माझ्या सखूला डबा आणणारं दुसरं कोणी नाय." तेव्हापासून मी जाऊ लागले. थेर हा शब्द मी कोणाला काही न सांगता बंद केला.

इंदू मूळची डोळखांबकडची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. उंच, काटक, पन्नाशीची. लग्न केलं नव्हतं. म्हातारी आई आणि ती, दोघीच. आधी एका शाळेत होती. तिथे धडा संपवायची घाई असे आणि इंदूला एका वाक्यावर तास घालवायची सवय, म्हणून सोडली. मूल आपलं लिहिलेलं वाचू लागलं की ती डोळे मिटून ऐके आणि वाक्यात असेल ते तिचे हात करत. सखूनं पाटी उचलली, की हिचे हात डोक्याशी. सखूनं दोर ओढला, की हिच्या मुठी वळलेल्या. वाक्यात हातांना काम नसलं की ते मांडीवर ठेवून ती गप्प बसे. "सखू खूप दुःखी झाली" असं ओवीनं एकदा लिहिलं, तेव्हा हात मांडीवर. मग म्हणाली, "दुःखी झाली मंजे तिनं केलं काय गो? हात काय करत व्हते तिचे?"

एका मुलानं लिहिताना सखूच्या हाती काडेपेटी दिली. इंदू चूक सांगत नसे. म्हणाली, जा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, विस्तव कसा राखायचे. पोरगा राखेखाली निखारा झाकायची रीत शिकून आला आणि ती लिहिताना त्याची दोन पानं झाली. तिचं एक वाक्य आता आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसलंय: "गोष्ट खोटी चालंल. चुकीची नाय चालायची." व्याकरणाची तिला काळजी नसे. ते शेळीसारखं मागून येतं, म्हणायची, तुम्ही पुढं चाला.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ठाण्याच्या फेऱ्या झाल्या, केस गेले, आणि एके दिवशी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. ती आतल्या खोलीत झोपे आणि पडवीत वर्ग मी घेई. गोष्टीत तेव्हा घाटातल्या वस्तीवर पटकीची साथ आली होती, आणि सखूची आई त्या कथेत मरायची होती. मी वाचत वाचत तिथवर आले, ओवीचं तोंड बघितलं आणि पुढचं मनानंच सांगितलं. आई बरी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, काय हुशार मी.

आतून हाक आली. गेले. इंदूनं विचारलं, सखूची आई कशानं वाचली. मी म्हटलं, आता वाचली खरी.

"वस्ती साफ झाली आणि ही एकटी तुमच्या मायेनं वाचली?" ती दम घेत म्हणाली. "पोरं रोज माझं तोंड बघत्यात, बाई. त्यांना समदं ठावं हाय. तुमी खोटं सांगाल तर ती माझ्याशी बोलायची बंद होतील. तेवढं नका करू."

पुढच्या वर्गात मी सखूच्या आईला मारलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाचन ते. इंदूनं काम दिलं: दुसऱ्या दिवशी सकाळी सखूनं काय केलं ते लिहा. सगळ्यांनी लिहिलं, इंदूनं पडल्या पडल्या ऐकलं, हात जमतील तेवढे हलवले. ओवीनं मात्र लिहिलं नाही. म्हणाली, असं झाल्यावर दुसऱ्या दिवशी माणसं काय करतात ते मला माहीत नाही. इंदूला तिचंच ऐकायचं होतं, हे आम्हाला दिसत होतं. तरी ती एवढंच म्हणाली, "मंग थांब. ठावं नसताना लिहू नको."

भाताची झोडणी चालू असताना इंदू गेली. ओवीचं ऐकायचं राहिलं.

मयताच्या घरात लगेच चूल पेटवत नाहीत; शेजारपाजारून जेवण येतं. इंदूच्या आईनं दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाणी भरलं, चूल पेटवली आणि भाकऱ्या थापल्या. बाया कुजबुजल्या. खोटं कशाला बोलू, ओवी शेजारी उभी असताना नाक मीही मुरडलं.

दिवसकार्य झाल्यावर मुलं नेहमीच्या वारी पडवीत येऊन बसली. येऊ नका असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. इंदूची आई उंबऱ्यात बसली होती. ओवी म्हणाली, मी लिहिलंय, आणि वाचू लागली.

"सखू उठली. तिनं राख बाजूला करून निखारा फुंकला. घागर घेऊन ओढ्यावर गेली. येताना पाणी सांडू दिलं नाही. दोन भाकऱ्या थापल्या. एक खाल्ली. दुसरी फडक्यात बांधली, पाटी उचलली आणि कामावर गेली."

एवढंच. त्यात रडणं कुठेच नव्हतं, आणि माझ्यातली मुख्याध्यापिका अशा वेळीही गप्प बसत नाही. मुलगी रडली कशी नाही, असं मी विचारणारच होते. तेवढ्यात इंदूच्या आईनं माझा हात धरला.

"बाय, मी पन दोगींच्याच भाकऱ्या थापल्या त्या सकाली. बाया बोलल्या, हिला पोरीचं दुख नाय. मलाबी वाटाया लागलं, आपून कसली आय. ही पोर बोलते ते खरं हाय ना? मंग माजं काय चुकलं नाय."