शिलकीची शिक्षा

हॉस्पिटलातले सगळे त्याला चिक्कूशेठ म्हणायचे. सरकारी हॉस्पिटलचा हिशेबनीस, पण खर्च म्हटला की जणू स्वतःच्याच खिशातून जाणार! लोकांच्या कराचा पैसा आहे, उधळायचा नाही, हे त्याचं पालुपद. डायलिसिसच्या नव्या मशीनचा दर त्याला अवाच्या सवा वाटला, म्हणून त्याने निविदा पुन्हा मागवल्या. दर चांगला खाली आला. स्वारी खूश! पण त्यात महिने गेले, आणि आता सरकारी वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला होता.

संध्याकाळी कोषागार, म्हणजे सरकारी तिजोरीचं ऑफिस, बंद व्हायच्या आत बिल पास झालं नाही, तर मंजूर रक्कम सरकारजमा. आणि पुढच्या वर्षी? "मागचेच खर्च झाले नाहीत, मग कशाला हवेत?" म्हणून कात्री. घरात शिल्लक टाकली तर शाबासकी, सरकारात शिक्षा. हा उफराटा न्याय त्याला ठाऊक नव्हता का? होता की! पण स्वभावापुढे काय करणार.

मशीन ट्रकात, ट्रक रस्त्यात. वरच्या वॉर्डात डायलिसिसवर असलेली त्याची ताई. जुनं मशीन मध्येच बंद पडायचं, तेव्हा ती पांढरीफटक व्हायची. फोन करावा तर ड्रायव्हरचं एकच, "आलोच साहेब."

"अहो शेठ, 'माल मिळाला' म्हणून लिहून टाका, म्हणजे बिल पास होईल," डॉक्टर कळवळून म्हणाले. "वर्षअखेरीला सगळेच लिहितात."

त्याने पेन उचललं. न आलेल्या मालावर त्याने कधी सही केली नव्हती. ट्रक आलाच नाही तर? कंपनी पैसे खाऊन बसली तर? या विचारातच कोषागाराची वेळ टळून गेली.

थोड्याच वेळात फाटकात हॉर्न वाजला. पण कंपनीने ड्रायव्हरला बजावलं होतं, बिल पास झालं तरच माल उतरवायचा. चिक्कूशेठ त्याच्या हातापाया पडला, माझा पगार घ्या म्हणाला. ड्रायव्हर बिचारा खाली मान घालून परत गाडीत चढला.

चिक्कूशेठ जिना चढून वर गेला. ताई खिडकीशी बसली होती, कधी नव्हे ती हसत.

"आलं ना रे आपलं मशीन? सिस्टरला सांगत होते, माझ्या भावाने स्वस्तात आणलंय."

खाली ट्रक वळला.

"अरे," ताई काचेशी वाकली, "परत कुठे नेतायत ते?"