काल येऊन गेलेला माणूस

इथले अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, बहुतेक वाचून हसलोय. माझा धंदाच असा की समोरच्याच्या बोलण्यातलं निम्मं खोटं धरूनच चालावं लागतं. भूत, चकवा, भानामती... आमच्या हुलसूर भागात यातलं सगळं ऐकायला मिळतं आणि मी कशालाही कधी भीक घातली नाही. आजही हे भीती वाटली म्हणून लिहीत नाही. लाज वाटते म्हणून लिहितोय. घरात कुणाजवळ बोलता येत नाही, म्हणून इथं.

माझा रिकाम्या पोत्यांचा व्यापार आहे. सायकलवर गावोगाव फिरून पोती गोळा करण्यापासून सुरुवात केली, आज बिदरजवळ कोळारला स्वतःचं गोदाम आहे. कुणी हात दिला नाही आणि हे मी येता-जाता ऐकवतो, खोटं कशाला बोलू. अपवाद एकच, माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, अक्कानंच मला वाढवलं. तिला एकच मुलगा, संगमेश. त्याचे वडील वारल्यावर मी त्याला गोदामात घेतलं, पाच वर्षं सगळं शिकवलं... आणि एक दिवस हा पठ्ठ्या एक शब्द न बोलता मंगळूरला निघून गेला. तिथं बंदरावर मालवाहू बोटीत स्वयंपाकी म्हणून लागला. माझ्याकडं काय कमी होतं? हा प्रश्न मी तेव्हापासून भेटेल त्याला विचारत आलोय. अक्का एवढंच म्हणायची, "तू लई वरडतोस, बसू." (बसू म्हणजे मी.) मला ते पटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर संगमेशचा तिला फोन आला. बोट बेटांवर माल उतरवून पुढं आखातात जाणार होती, दोन वर्षांचा करार. गुरुवारी दुपारी बाराच्या भरतीवर सुटणार. सुट्टी मिळत नव्हती, पण आई बंदरावर आली तर भेट होईल म्हणाला. अक्काची साठी कधीच उलटलीय, साखर आहे, एका डोळ्यानं कमी दिसतं. "दोन वर्षांनी मी असंन का न्हाई, कुणी सांगावं," म्हणाली. सोबत जायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. गेलो, पण मनातला राग तसाच घेऊन.

बुधवारी दुपारी चारपर्यंत मी कोळारच्या गोदामात होतो, हे लक्षात ठेवा. चारनंतर आम्ही बिदरहून बसलो आणि गुरुवारी सकाळी सव्वादहाला मंगळूरच्या स्टँडवर उतरलो. तिथून बंदर चार-पाच किलोमीटर. हातात पावणेदोन तास. भरपूर.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडं ऑटोत आधी भाडं ठरतं, मग माणूस बसतो. मीटर असलाच तर तो फूल वाहण्यापुरता. न ठरवता बसणाऱ्याला आम्ही येडा म्हणतो. मंगळूरला उलटं आहे. तिथं ऑटोवाले मीटरनं नेतात, घासाघीस करत नाहीत. हे मला आज माहीत आहे.

स्टँडवर रांगेतला पहिला ऑटोवाला पन्नाशीचा होता, पेपर वाचत बसलेला. मला बघितलं, पेपर घडी करून ठेवला आणि हसला. (बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं. तिकडची कन्नड पुस्तकातल्यासारखी, आमची रांगडी. माझं बोलणं ऐकून लोक तिकडं तसेही हसतात. 'मारायरे' म्हणजे आपलं 'अहो महाराज'.)

"आज पुन्हा आलात, मारायरे? आज तरी मीटरने येणार ना?"

"पुन्हा म्हंजे? मी जिंदगीत पहिल्यांदा पाय ठेवलाय इथं."

"असं कसं? काल याच वेळी आला होता. हाच शर्ट, खांद्यावर हाच हिरव्या काठाचा टॉवेल. या अम्मा सोबत होत्या. त्यांच्या हातात हा फडक्यात बांधलेला डबा."

मागचा ऑटोवाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "काल अम्मांना भर उन्हात अर्ध्या वाटेवर उतरवलंत, अण्णा. असं करू नये."

अक्का माझ्या तोंडाकडं बघायला लागली. "हे काय म्हणायलेत रे? तू काल आलतास?"

"नाटक करायलेत, अक्का. परगावचं गिऱ्हाईक हाय म्हणून."

मला मनापासून तसंच वाटलं, कारण हा डाव मी स्वतः खेळतो. अनोळखी विकणारा आला की म्हणायचं, अरे मागच्या खेपेला तर ह्याच भावात दिलं होतंस. तो गोंधळतो, आपलं काम होतं. म्हटलं, हे माझ्यावरच माझा डाव टाकायलेत!

"बंदर. किती घेणार, आकडा बोल."

"मीटर."

"मीटर-बीटर न्हाई. आकडा बोल."

"आकडा मीटरच बोलेल की." सगळी रांग हसली.

मग माझं डोकं फिरलं. दुसऱ्याकडं गेलो, तिसऱ्याकडं गेलो, रस्ता ओलांडून पलीकडच्या रांगेत गेलो. सगळ्यांचं एकच — मीटर. मला वाटलं, बाहेरच्या माणसाला लुटायला सगळे एक झालेत. मी आवाज चढवला. संगमेशचा फोन आला, "मामा, कुठवर आलाव?" मी "येतोय" म्हणून कट केला. अक्का डबा छातीशी धरून उभी होती. "बस की रे, बसू. किती का घीना त्यो. अकरा वाजून गेले."

शेवटी तो पहिला ऑटोवालाच आला. "अम्मांच्या तोंडाकडे बघून सांगतो, बसा."

बसलो. पण माझी नजर मीटरवरून हटेना. एक पेट्रोल पंप दोनदा दिसल्यासारखा वाटला. तो म्हणाला, रस्ता एकमार्गी आहे, वळसा पडतो. मी म्हणालो, "फिरवायलास व्हय मला?" आणखी बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग ओरडलो, "थांबव!"

त्यानं एका मोठ्या झाडाखाली ऑटो लावला. मागं वळला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हळू आवाजात म्हणाला, "काल इथंच थांबवलंत, अण्णा. याच झाडाखाली. बंदर अजून दीड किलोमीटर आहे. उतरू नका. मला पैसे देऊ नका हवं तर, पण बसून राहा."

आणि तरीही मी उतरलो. बसून राहिलो असतो तर तो जिंकला असता — एवढंच माझ्या डोक्यात होतं. मीटरवर झालेलं भाडं मी मनात धरलेल्या आकड्याच्या निम्मंही नव्हतं. ते त्याच्या सीटवर टाकलं आणि अक्काचा हात धरून चालायला लागलो.

वीस पावलं चालली की अक्का थांबायची. ऊन, घाम, मासळीचा वास, बर्फाच्या गाड्या. त्यात मी रस्ता विचारताना 'बोट' एवढंच म्हणालो आणि लोकांनी आम्हाला मासेमारीच्या धक्क्यावर पाठवलं. तिथून परत फिरून मालाच्या धक्क्यावर पोचेतो बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. संगमेशचा फोन लागत नव्हता.

धक्क्याजवळ एका म्हाताऱ्या बाईची चहाची टपरी होती. आम्हाला बघून ती उठलीच. न मागता अक्काला पाणी दिलं, पायरीवर बसवलं.

"बोट आता गेली, अम्मा," ती म्हणाली. "तुमचा मुलगा शेवटपर्यंत कठड्याशी उभा होता." मग माझ्याकडं वळली. "काल मी किती सांगत होते तुम्हाला! तुम्ही इथंच उभं राहून बोट चुकली, बोट चुकली म्हणत होता. अहो, संगमेश रोज माझ्याकडेच चहाला यायचा, त्याची बोट तर समोर उभी होती. मी त्याला बोलवायला आत गेले. तो म्हणाला, आजी, माझी आई उद्या येणार आहे. परत येऊन बघते तर तुम्ही दोघंही नाही."

मी समोर बघितलं. तिथं नुसतं पाणी होतं.

"एक सांगते, रागावू नका," ती म्हणाली. "काल यांना जे बोललात, ते आज बोलू नका."

"काय बोललो मी?"

"ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. यांच्या मुलाबद्दल होतं."

तिनं सांगायची गरज नव्हती. त्या क्षणी ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, अख्खं. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून इथं लिहितो — "आईला टाकून पळालेलं पोरगं बुडून मेलं काय अन् जगलं काय, सारखंच." मी ते गिळलं. त्या दिवशी तोंड आवरलं ते एवढ्या एकाच वेळी.

अक्का पाण्याकडं बघत बसली होती. कन्नड तिला माझ्याइतकीच येते. मान न वळवता ती म्हणाली, "बोल की, बसू. काल बोललास म्हणं. आज कामून गप हायस?"

परत आल्यावर मी पुष्कळ विचार केला. माझ्यासारखा दिसणारा कुणी असेल म्हणावं, तर अक्कासारखी बाईही हवी, तोच डबा हवा. त्यांनी ठरवून केलं म्हणावं, तर ऑटोवाल्याची आणि त्या म्हातारीची गाठ कुठं पडली? आणि मी कुठल्या झाडाखाली ओरडणार, हे कोण ठरवणार? कुणाला काही सुचलं तर सांगा. मला आजवर काही सापडलेलं नाही.

संगमेश आता आखातात आहे, अधूनमधून फोन करतो. अक्कानं त्याला सांगितलंय, बसला उशीर झाला. मी शेजारी बसून ऐकलं आणि खाली बघितलं.

संक्रांतीला तिच्याकडं गेलो होतो. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता तिनं विचारलं, "त्या बाईनं काय सांगितलं न्हाई. तू तरी सांग. काय म्हणालतास माझ्या पोराला?"

मी म्हणालो, "मी काल... त्या दिवशी मी तिथं नव्हतोच, अक्का. शपथेवर सांगतो."

"ते न्हाई इचारलं मी," अक्का म्हणाली.