आजाऱ्यांचा वकील

नुसतं "दुखतंय" म्हणणाऱ्याला वकील क्लिनिकची पायरी चढू देत नसे. "दुखतंय म्हणजे काय रे मेल्या? कुठं, कधीपासून? चालताना की आडवं पडल्यावर?" अशी उलटतपासणी सौदीतल्या अल खफजीच्या आमच्या कॅम्पातून बस निघाली की सुरू व्हायची. आजारी माणूस रडकुंडीला यायचा. वकील हे आम्ही पाडलेलं नाव; खरं तर तो चिपळूणचा पाइप फिटर, शिक्षण आठवी. पण तिकडे इतकी वर्षं काढून अरबी मात्र अस्खलित बोलायचा.

क्लिनिकमधला इजिप्शियन डॉक्टर माणशी दोन मिनिटं देई. त्यातलं एक आमची कोकणची मंडळी लाजण्यात घालवत. वकील एका दमात सगळं सांगायचा, आणि डॉक्टर "खलास, खलास" म्हणाला तरी हलायचा नाही. "आधी ह्याचा ईसीजी काढ, मग खलास!" त्या हट्टामुळे दोघेजण तरी वाचले. सुट्टीचा प्रत्येक दिवस तो असाच लोकांपायी घालवायचा.

परांची बांधणाऱ्या दिलीपला उंचावर भोवळ यायची. तो सांगायला तयार नव्हता, कारण डॉक्टरचा कागद ऑफिसात आला की माणूस गावी जातो, हे कॅम्पात सगळ्यांना ठाऊक. वकील माझ्याकडे आला. मी नाशिकचा, सेफ्टी इंजिनिअर. आपल्या शब्दाला वजन आहे असा माझा गोड समज. "सांगू दे त्याला. मी खाली स्टोअरमध्ये काम लावून देतो," मी म्हणालो. तेवढ्यावर वकिलाने तीन आठवडे दिलीपची मनधरणी केली.

कागद माझ्याच टेबलावर आला. "उंचावरच्या कामास अपात्र" असं लिहून मी मॅनेजरकडे स्टोअरचं बोललो. त्याने मान वर न करता फायनल एक्झिटवर, म्हणजे दिलीपच्या कायमच्या परतीवर, सही केली. मी पुन्हा तोंड उघडलं नाही. माझाही इकामा, तिथं राहायचा परवाना, कंपनीच्याच हातात होता, अशी स्वतःची समजूत मी अजून घालतो.

दिलीप गेला आणि वकील वाळीत पडला. मेसमध्ये त्याच्याशेजारी कुणी बसेना. "तुझं ऐकलं आणि त्याच्या पोटावर पाय आला," असं एकाने तोंडावर सुनावलं. तरी वकिलाने माझं नाव घेतलं नाही. मला मात्र अडवून म्हणाला, "साहेब, मी त्याला तुमच्या भरवशावर बोलायला लावलं." मी घड्याळाकडे पाहिलं. त्या पाहण्याची लाज अजून जात नाही.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी वकिलाच्या शेजारच्या खाटेवरचा वेल्डर अशोक घामाघूम झाला. वकील त्याला हाताला धरून उठवू लागला. "ॲसिडिटी आहे. तुझ्यापासून लांबच बरा," म्हणत अशोकने हात झटकला, सोडा प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दुपारी तो उठला नाही.

महिन्याभरात वकिलाने आपणहून गाव गाठलं. निरोप द्यायला मी एकटाच होतो. "आता बरंय साहेब, कॅम्पात कुणाला काहीच होत नाही," म्हणाला आणि गाडीत बसला.

डिसेंबरात कंपनीने मला प्रशस्तिपत्र दिलं. सहा महिन्यांत एकही कामगार आजाराने अपात्र ठरला नव्हता. अशोकचा जीव गेला तो खाटेवर, साइटवर नव्हे. त्याला मोजत नाहीत. टाळ्या वाजल्या, कोकणच्या मंडळींनीही वाजवल्या. मी उठून ते घेतलं.