पायलीचा आवाज

मुलीच्या क्लासच्या जुन्या वह्यांत मागची पानं कोरी राहतात. ती टाकून द्यायला माझा जीव होत नाही. मुलगी अभ्यासिकेत गेली की लातूरच्या या खोलीत मी एकटीच असते. भांडी झाली की लिहीत बसते. चौथीनंतर पेन हातात धरायचं काम फारसं पडलं नाही. जोडाक्षरं चुकतात. पण वाचणारं कोणी नाही, म्हणून लाज वाटत नाही.

आज भाकरी थापताना बळद आठवलं.

आमचं गाव जळकोटच्या बाजूचं. मी लग्न होऊन आले तेव्हा घर दगडमातीचं होतं, वर मातीचं सपाट माळवद. अंगणाकडच्या खोलीत दोन भिंतींच्या मधोमध ज्वारी साठवायची पोकळ जागा होती, तिला बळद म्हणत. माळवदावरच्या भोकातून ज्वारी ओतायची आणि खाली वीतभर तोंड होतं, त्यातून लागेल तशी काढायची. त्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असे. सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोळा ओढायच्या आणि सुपात ज्वारी सळसळत यायची. माझी सकाळ त्या आवाजानं व्हायची. इथं गल्लीत स्कूटींच्या आवाजानं होते.

लग्नाला चार-पाच महिने झाले असतील, तेव्हा भूकंप झाला. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. आमच्याकडं माणसं वाचली, पण भिंती चिरा पडून उलल्या. आम्ही अंगणातल्या कडुलिंबाखाली राहायला आलो. चूल तिथंच, अंथरूण तिथंच. घरात पाऊल टाकायला कोणी धजत नव्हतं.

पण रब्बीची ज्वारी पेरायचे दिवस तेच. पाऊस उघडला होता आणि रान वापशावर आलं होतं. पेरायला लागते तेवढी ओल चार-सहा दिवसच टिकते. ती गेली की वर्ष गेलं. आणि आमचं बियाणं होतं बळदात. निवडक कणसांची ज्वारी, लिंबाचा पाला घालून वरच्या थराला ठेवलेली. बळदाची भिंत तर वरपासून खालपर्यंत उललेली.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गावातल्या म्हाताऱ्या गवंडी चाचांना बोलावलं. चाचांनी बाहेरूनच भिंतीला कान लावला.

"खालचं तोंड खोलू नका," ते म्हणाले. "ये दीवार जवारी पे खडी है. जवारी सरकली की भिंत आली म्हणून समजा."

"मग बियाणं?"

"वरून काढा. पन हलकं माणूस चढवा. तुमच्यासारखं कोनी गेलं तर माळवदासकट खाली येईल."

सगळ्यांत हलकी मी. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं. पण सासऱ्याच्या देखत सुनेनं माळवदावर चढायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. सून वर आणि सासरा खाली, हे कोणाला बघवत नसे. मी तर अशी लाजरी की मामांनी तोवर माझा आवाजही ऐकला नव्हता.

मामांनी पटका उचलून डोक्याला गुंडाळला. "मी रानात वापसा बघून येतो," असं लिंबाच्या झाडाकडं बघून म्हणाले आणि निघून गेले. वापसा ते सकाळीच बघून आले होते.

शिडी लावली. आमचे हे शिडीवर माळवदाच्या कडेशी थांबले. मी कमरेला दोर बांधून, लोखंडी पायली, म्हणजे धान्याचं माप, आणि दोर बांधलेली दोन पोती घेऊन, पोटावर सरकत भोकापर्यंत गेले.

"भिंत वाजली तर हाक मार," हे म्हणाले. "लाजत बसू नको."

मी आत उतरले. अंधार, धूळ आणि लिंबाच्या सुकल्या पाल्याचा वास. गुडघे ज्वारीत रुतले. पायली भरायची, पोत्यात ओतायची, पोतं अर्धं झालं की त्याचा दोर हलवायचा. हे ओढून घ्यायचे. एक पोतं गेलं. दुसरं भरत आलं होतं, तेवढ्यात माझ्यासमोर ज्वारीला खळगा पडला. पाण्यात भोवरा होतो तसा. दाणे भिंतीच्या फटीतून बाहेर चालले होते आणि त्यांच्याबरोबर मीही खाली चालले होते.

मला हाक मारायची होती. पण काय म्हणून मारावी? नवऱ्याचं नाव घेता येत नाही. "आवं" म्हणायला तोंड उघडलं, तर रानातून परतलेल्या मामांचं खोकणं ऐकू आलं. मी तोंड मिटलं. आज लिहितानासुद्धा मला स्वतःचा राग येतो. ज्वारी मांड्यांच्या वर आली होती.

मग मी पायली वरच्या लाकडावर आपटायला लागले. ठण, ठण, ठण.

"आरं, ती वाजवायलीय. ओढ," आत्याबाई अंगणातून ओरडल्या. यांनी माझ्या कमरेचा दोर ओढला. मी भोकातून वर आले ती पोत्याचं तोंड हातात घट्ट धरूनच. माळवदावरून सरकत शिडी गाठली, उतरले, आणि आम्ही दोघं पाच पावलं गेलो असू, तेव्हा भिंत बसली. सगळ्या अंगणात ज्वारी पसरली.

धूळ खाली बसल्यावर हे म्हणाले, "हाक मार म्हणलं तर वाजंत्री लावलीस व्हय?"

आत्याबाईंना मात्र हसू आलं नाही. "नवऱ्याचं नाव घेऊ नको म्हणलं व्हतं. 'मेले' म्हणू नको असं कोन म्हणलं?"

मामा पोत्यापाशी बसून दाणे ओंजळीत घेऊन बघत होते. मग पुन्हा लिंबालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "उद्या पेरू. चाड्यावर मूठ सूनबाईची."

पेरणीच्या तिफणीला असतं त्या लाकडी नरसाळ्यात, चाड्यात, बी सोडायचा मान तोवर आत्याबाईंचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी मूठ हातात धरून दाखवली. किती सैल सोडायची, वळणावर कशी आवळायची. त्या वर्षी ज्वारी डोक्याच्या वर गेली. हुरडा खायला चाचा आले होते.

पुढं घर सिमेंटचं झालं, त्यात बळद नाही. रानात सोयाबीन आलं, पेरणी ट्रॅक्टरनं होते, मूठ धरायला कोणी लागत नाही. आत्याबाई गेल्या. पण त्याच ज्वारीचे चार तास, म्हणजे चार ओळी, बांधाकडेला अजून पेरायला लावते मी. त्याचंच पीठ इथं आणते. त्याची भाकरी खाताना मुलीनं ही गोष्ट माझ्याकडून कितीदा ऐकलीय.

परवा मुलगी डबा विसरून गेली. अभ्यासिका तिसऱ्या मजल्यावर, फोन आत नेऊ देत नाहीत. माझे गुडघे दुखत होते. वॉचमन म्हणाला, "खालूनच हाक मारा की मावशी, खिडकी उघडीच हाय." गल्लीत पोरापोरींची ही गर्दी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग डब्याचं झाकण लोखंडी फाटकावर आपटलं. ठण, ठण, ठण.

वरून मुलीनं डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई, ज्वारी घसरली का काय?"

मी पदर सारखा केला आणि डबा वर धरला.