रकानेकाकांचा चारी दिशांचा माऊस

आमच्या बस डेपोत रकानेकाकांना सगळेच हसायचे, आणि सगळ्यात जास्त मी, हे आधीच कबूल करतो. ते कारकून, मी त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून.

डेपोला एकदा खोकंभर माऊस आले. सगळे साधे, चाकाचे, पडद्यावरचं पान वर-खाली सरकवणारे. एकावर मात्र चाकाच्या जागी वाटाण्याएवढी गोळी होती. बोट जरा तिरकं पडलं की पानही तिरकं पळायचं. वैतागून लोकांनी तो काकांच्या गळ्यात मारला. काकांनी तळहाताच्या फोडासारखा जपला. रोज सकाळी फडक्याने गोळी पुसायचे. महिन्याभरात, जुना ड्रायव्हर थांब्याला गाडी लावतो तसे ते हव्या त्या रकान्यावर अलगद जाऊन थांबू लागले.

हे रकाने कर्मचाऱ्यांच्या पत्रकाचे. चांगले एकेचाळीस. शेवटचा शेऱ्याचा, आणि बदली, पाळी, काहीही मागायचं असेल तर ते तिथेच लिहायचं असा नियम. लोक सांगायचे, काका टाईप करायचे, जुन्या मागणीखाली नवी. वर्षातून एकदा पत्रक वरच्या मजल्यावर साहेबांकडे जायचं आणि 'पाहिले' एवढा शब्द घेऊन परत यायचं. साहेबांचा माऊस चाकाचा. खालची पट्टी ओढून उजवीकडे जाता आलं असतं, पण ओढतोय कोण? बाकीचे शहाणे. शेऱ्यात लिहायचे आणि शिवाय वर जाऊन तोंडानेही मागायचे. त्यांची कामं व्हायची.

काका नुसते लिहायचे. त्यांचं घर अडीच तासांवर. काकू गुडघ्यांनी बेजार, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका परतेपर्यंत बाई घरात अडकलेली. घराजवळच्या डेपोत बदली मिळावी, एवढंच मागणं, आणि ते नऊ वर्षं.

"काका, वर जाऊन बोला की," मी म्हणायचो.

"लिहिलंय ना. आता तोंडाने मागितलं तर ती भीक झाली."

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं?

मागच्या महिन्यात साहेबांचा माऊस बंद पडला. खाली निरोप आला. काका स्वतःचा घेऊन वर गेले, मागोमाग मी सह्यांच्या फायली घेऊन. साहेबांनी गोळीवर बोट ठेवलं आणि पत्रक सुटलं ते थेट उजव्या टोकाला.

"हे काय?" साहेब वाचू लागले. "'पत्नीस जिना उतरता येत नाही. बदलीचा विचार व्हावा.' नऊ वेळा? कोण हा गृहस्थ?"

नावाचा रकाना पार डावीकडे राहिला होता. बोला काका, आता तरी बोला.

"आहेत एक, खालचे," काका म्हणाले.

"मग येऊन सांगायचं की. मी काय माणसं खातो?" साहेबांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "हा रकाना कुणी बघतच नाही. उगाच पत्रक रुंद झालंय. काढून टाका."

मीही मूग गिळून उभा राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते. काकांनी टेबलाशी वाकून आपल्याच माऊसने रकाना पुसला. नऊ वर्षं पुसायला त्यांना जेमतेम अर्धं मिनिट लागलं.

जिन्यात मी तडकलो. "तो मीच, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"वाचलं ना त्यांनी," काका म्हणाले. चेहऱ्यावर चक्क समाधान.

मी परत वर जायला वळलो, तर त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

"आणि काकूंना काय सांगणार?" मी विचारलं.

"दरवर्षी सांगतो तेच," काका म्हणाले. "विचार चालू आहे."