कमान – दोन तास

पाटीवाल्याला चिडवायचं असेल तर फार काही करावं लागत नसे. त्याच्यासमोर नुसतं म्हणायचं, "काका, तुमच्या पाटीवर दोन तास लिहिलंय, पण आम्हाला पावणेतीन लागले." बस्स! मग हातातला चहा गार होईपर्यंत ऐकून घ्यायची तयारी ठेवायची. तुम्ही फोटो काढत बसला असाल, तुमचे बूट नवे असतील, तुम्ही गप्पा मारत चालला असाल. चूक कुणाचीही असेल, पाटीची नाही.

आता त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं होतं असंही नाही. नदीच्या खोऱ्यातल्या झाडून सगळ्या पायवाटांवरच्या पाट्या त्याच्या हातच्या. तीनशे बारा. वनखात्याच्या कचेरीमागे पत्र्याची एक लांबट शेड होती, तिथे तो फळ्या रंधायचा, अक्षरं कोरायचा आणि कोरलेल्या जागी पिवळा रंग भरायचा. भिंतीवर पटाशा लहानापासून मोठीपर्यंत ओळीनं टांगलेल्या. कुणी एक जरी जागा बदलून टांगली तरी त्याला दारातूनच कळायचं, आणि मग त्या माणसाची खैर नसायची.

पण कोरीवकाम म्हणजे काय, ते कुणीही शिकेल, असं त्याचं मत. खरं काम वेळेचं. प्रत्येक पाटीवर ठिकाणाचं नाव आणि पुढे लागणारा वेळ, आणि तो वेळ त्यानं स्वतः चालून मोजलेला. गळ्यात स्टॉपवॉच. पाऊल उचललं की चालू, पाणी प्यायला बसला की बंद. बुटाची नाडी बांधायला वाकला तरी बंद. "चालायचा वेळ म्हणजे चालायचाच वेळ," तो बजावून सांगायचा. "त्यात बसणं मिसळलं की झाली भेसळ." एवढा काटेकोरपणा त्या कचेरीत दुसऱ्या कुणाच्या अंगी नव्हता, हे तोही जाणून होता आणि दुसऱ्यांनाही विसरू देत नव्हता.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी बायकोचं शिलाई मशीन. ती शाळेच्या गणवेशांना टिपा घालायची, पँटच्या चेनी बदलून द्यायची. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे कायमचे. त्यातला एखादा पाटीवाल्याच्या शर्टाला चिकटून कचेरीत पोचायचा आणि तिथे कुणीतरी तो काढून त्याच्या हातात द्यायचं. मग हा हसत म्हणायचा, "आमच्या सौभाग्यवतींचा प्रवास बघा. मशीन ते ओटा, ओटा ते मशीन! दोन तासांवर कमान आहे, जग बघायला येतं, पण हिचे पाय काही उंबऱ्याबाहेर पडत नाहीत." कचेरी हसायची. हाच विनोद तो घरी पाहुण्यांसमोरही करायचा. बायको दातानं दोरा तोडायची आणि मशीन पुन्हा सुरू करायची.

ही कमान म्हणजे खोऱ्याच्या टोकाशी असलेला खडक. नदीनं तो मधोमध पोखरून आरपार केलेला. खालून पाणी वाहतं, वर दगडाचा पूल. पाटीवाला जेवताना तिचं वर्णन करायला लागला की घास हातातच राहायचा. वर्षानुवर्षं बायकोनं ते ऐकलं होतं.

तर अशा माणसाच्या राशीला कचेरीच्या नवीन अधिकारी मॅडम आल्या. वयानं त्याच्या लेकीएवढ्या, बोलायला गोड, पण कागद नीट वाचणाऱ्या. त्यांनी एक दिवस त्याला बोलावलं आणि समोर तक्रारींची चळत ठेवली. कमानीहून परतताना वर्षभरात सात जण अंधारात अडकले होते. एका बाईंचा पाय मुरगळला होता.

"काका, सगळे एकच सांगतायत. पाटीवर दोन तास लिहिलंय म्हणून आम्ही दुपारी निघालो."

"लोकांचे पाय बिघडलेत, मॅडम. पाट्या नाहीत बिघडल्या."

"असेलही. पण परत मोजू या. कमानीची वेळ चुकलेली निघाली, तर मला सगळ्याच पाट्या उतरवाव्या लागतील."

पाटीवाल्याच्या निवृत्तीला सहा महिने राहिलेले. उभा जन्म ज्यात घातला ते सगळं उतरवून शेडमध्ये रचून ठेवणार, आणि याला निरोपाचा हार घालणार? तो तिरीमिरीत म्हणाला, "मोजा! कुणालाही चालवा!"

"आपल्यातलं कुणी नको," मॅडम म्हणाल्या. "ज्याला चालायची सवय नाही असं माणूस हवं."

"मग माझ्या बायकोलाच नेतो. ती दोन तासांत पोचली तर हा विषय बंद."

बोलून तर बसला. मनात हिशेब असा, की बसेल तेव्हा घड्याळ बंद करायचं. चालून चालून किती वेळ चालेल?

घोडं अडलं ते घरी. "मी नाही यायची," बायको म्हणाली.

"अगं, गुडघ्याचं म्हणतेस का? हळूहळू जाऊ."

"गुडघ्याचं नाव कुणी काढलं?"

दोन दिवस ती बधली नाही. तिसऱ्या दिवशी तो मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसला. ऐट कुठल्या कुठे गेली होती. "सगळ्या पाट्या काढतील गं," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणाला सांगू?" तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"येते. पण घड्याळ माझ्या गळ्यात. आणि मध्ये मी ते बंद करणार नाही."

त्यानं खूप कुरकुर केली, पण घड्याळ द्यावंच लागलं.

सकाळी सातला निघाले. आधी गर्द झाडी, मग नदीकाठची वाट, मग मोठमोठ्या दगडांमधून चढ. बायको कापडी बूट घालून एका लयीत चालत होती. पाटीवाला मागून तिच्या पायांकडे बघत होता आणि, खरं सांगायचं तर, त्याला जरा नवल वाटत होतं.

"पुढे एक बसका दगड असेल," ती मध्येच म्हणाली. "पाठ टेकायला बरा आहे. तिथे बसू."

आपणच कधीतरी सांगितलं असेल, असं त्याला वाटलं. दगड आला, ती बसली. याचे हात शिवशिवायला लागले. "घड्याळ…"

"चालू राहू दे. दम खातेय, झोप नाही काढत."

पुढे वाट एका उभ्या, पांढरा पट्टा असलेल्या कातळाला वळसा घालते. तिथे बायको थांबली आणि तिनं घड्याळ त्याच्यापुढे धरलं. दोन तास दहा मिनिटं. समोर नुसता कातळ.

"कुठाय कमान?"

"अगं, आलीच! हे एवढं वळण…"

"हेच वळण. मागच्या वेळी इथे बरोबर दोन तास झाले होते."

"मागच्या वेळी?"

ती कातळाला टेकली. "लेक पहिलीत होती. तुम्ही कमानीपाशी पाटी लावायला गेला होतात आणि डबा घरी विसरलात. म्हटलं, नेऊन द्यावा, कमानही बघावी. पोरीला शाळेत सोडलं आणि निघाले. पाटीवर दोन तास. हातात तुमचंच जुनं घड्याळ. इथे आले तर दोन तास झालेले आणि कमानीचा पत्ता नाही. तीनला शाळा सुटायची. फिरले मागे."

"एवढ्या जवळ येऊन? अगं, पुढे जाऊन बघायचंस ना!"

"पाटी तुमच्या हातची होती," ती म्हणाली. "तुमची पाटी चुकेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. वाटलं, मीच वाट चुकले."

ती संध्याकाळ पाटीवाल्याला लख्ख आठवली. दिवसभर उपाशी, चिडून आपण घरी आलो, आणि काय म्हणालो ते: आणून द्यायचास की डबा, दोन तासांची तर वाट!

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? डबा घेऊन निघाले आणि हरवले? महिनाभर कचेरीला हसवलं असतंत."

खरंच हसवलं असतं. तो कातळापाशी खाली बसला. आणि बसल्या बसल्या त्याला आणखी एक गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांत कधी कळली नव्हती. तो स्वतः दर वेळी सातला निघायचा आणि कमानीपाशी पोचायचा तेव्हा साडेनऊ वाजलेले असायचे. त्या बसक्या दगडावर तोही बसायचाच. फक्त घड्याळ बंद करून. दोन तासांत तिथे कधी कुणी पोचलंच नव्हतं, तो स्वतःसुद्धा नाही.

पुढची वाट दोघं चालली. कातळ मागे पडला आणि कमान समोर आली, खालून उन्हातलं पाणी वाहत होतं. बायको उभी राहून बघत राहिली.

"तुम्ही सांगायचात त्यापेक्षा लहान आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"चुकलो गं," पाटीवाला म्हणाला. "वेळेचं चुकलं, आणि जे बोलत आलो तेही चुकलं." एवढं सरळ तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. तिनं बाहीला डोळे पुसले आणि डबा उघडला. उकडलेली अंडी होती. त्याला दोन दिली.

दुसऱ्या दिवशी मॅडम भांडणाच्या तयारीनं बसल्या होत्या. यानं आत येऊन सांगितलं, "कमान चुकलीय. सगळ्याच चुकल्यात. बसण्यासकट मोजायला हव्यात." मॅडमनी तक्रारींची चळत बाजूला सारली.

मग पाट्या उतरायला लागल्या. जमतील तेवढ्या त्यानंच पुन्हा कोरल्या, आणि सुट्टीच्या दिवशी घड्याळ गळ्यात घालून बायको पुढे, तो मागे. राहतील त्या राहतील. कचेरीतला तो विनोद मात्र पुन्हा कुणाला ऐकू आला नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यानं एक फळी जास्तीची घेतली. पांढऱ्या पट्ट्याच्या कातळापाशी लावायला. यादीत ती नव्हती. "काका, हिला मंजुरी कुणाची?" मॅडमनी विचारलं. "घरच्या मॅडमची घेतो," तो म्हणाला, आणि संध्याकाळी बायकोला पहिल्यांदाच शेडमध्ये घेऊन आला. रंग अजून ओला होता. पाटीवर लिहिलं होतं:

कमान वळणापलीकडे, पंधरा मिनिटं. वाट बरोबर आहे. तुमचं काही चुकलेलं नाही.

बायकोनं दोनदा वाचलं. त्याच्या शर्टावरचा दोरा काढला.

"वीस लिहा," ती म्हणाली. "पंधरा तुम्हाला लागतात."

पाटीवाल्यानं फळी पुन्हा रंध्याखाली घेतली.