गव्हाचं घर

घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पोराचा दंड जिजी आधी चिमटीत धरून पाहायच्या. मांस हाताला लागलं की म्हणायच्या, "खात्यापित्या घरचं आहे." नाही लागलं, तर त्या पोराच्या आईकडे नुसतं पाहायच्या. तुमचे बाबा लहानपणी काटकुळे होते, त्यामुळे ते पाहणं मी पुष्कळ सोसलं आहे. इतर आज्यांसारखी मी तुम्हाला फोनवर कधी "वाळलात" म्हणत नाही, त्याचं कारण जिजी.

जिजी म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या वहिनी, खकनारकडच्या एका खेड्यातल्या. त्यांची आई कळण्याच्या भाकरीवर, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेल्या भाकरीवर जगली. वाईट साली तीही पोरांना देऊन स्वतः पाणी पिऊन निजली. गेली तेव्हा खांदेकऱ्यांना वजनच लागलं नाही, असं जिजी सांगायच्या. शहरात, बुधवारा पेठेतल्या आमच्या कापडदुकानदारांच्या घरी त्या सून म्हणून आल्या, ताटात गव्हाची पोळी पाहिली आणि तिथेच ठरवलं, की पोटच्या पोराला ज्वारी दाखवायची नाही. "हे गव्हाचं घर आहे," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत.

ती शपथ त्यांनी एकुलत्या एक लेकावर, दिलीपवर पाळली. सकाळी पुऱ्या, दुपारी मावा जिलेबी, संध्याकाळी रवा, साखर आणि तूप फेटून केलेला दराबा. दिलीप दुकानात बसला की मागचा गल्ला दिसेनासा व्हायचा. गिऱ्हाइकं त्याला शेठ म्हणत. जिजी म्हणत, "मग, शेठ शेठासारखा दिसायला नको?"

चाळिशीत दिलीपला साखर निघाली, छातीतही दुखू लागलं. डॉक्टरांनी तूप, गोड, मैदा बंद केला आणि ज्वारीची भाकरी खायला सांगितली. कळण्याची मिळाली तर उत्तमच, म्हणाले. दिलीपच्या बायकोनं, सुषमानं, मुकाट्यानं दळण आणलं. हळूहळू दिलीप न थांबता जिना चढू लागला.

पण त्याच्या गळ्याची हाडं दिसू लागली आणि जिजींचा धीर सुटला.

"काय वो सुषमा, माझ्या पोराला गड्याची भाकर वाढते?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई."

"डॉक्टरचं काय जातं? गल्लीतल्या बाया पुसतात मले, दुकान बसलं का म्हणून."

मी म्हणाले, "जिजी, तुमच्या आईला अन्न न मिळून मरण आलं. याला अन्नच मारील."

"तू उपाशी निजली कधी?" त्यांनी विचारलं. मी निजले नव्हते.

त्यानंतर दिलीपचा दुकानात जाणारा डबा जिजींच्या हाताखालून जाऊ लागला. वर भाकरी, खाली तुपात भिजलेला दराबा. आईला नाही म्हणणं दिलीपला कधी जमलंच नाही. त्याचं अंग पुन्हा भरलं. भाकरी खाऊन हे कसं, ते सुषमाला कळेना. जिजींचा चेहरा मात्र खुलला. दिवाळीच्या तोंडावर, गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवताना दिलीप खाली बसला, तो उठलाच नाही. डब्याचं सुषमाला कळलं ते त्या दिवशीचा न उघडलेला डबा दुकानातून घरी परत आला तेव्हा.

तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला जिजी स्वतः वाढायला उठल्या. त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही. दिलीपची शाळकरी मुलगी पूर्वा पंगतीत बसली होती, बापासारखीच अंगानं भरलेली. तिनं ताटावर आडवा हात धरला. जिजींनी तो हलकेच बाजूला केला आणि दोन लाडू वाढले.

"खाय बेटा. रडून रडून किती वाळली तू."

सुषमा भरल्या ताटावरून उठून आत गेली. पूर्वा आईच्या पाठीकडे पाहत राहिली, मग खाऊ लागली.